कडेचा माणूस

४ जानेवारी

आलो एकदाचे! दोन पेट्या, एक गुंडाळलेली गादी, माझी कापड बेतायची मोठी कात्री आणि आमची ही, एवढा संसार टेम्पोतून उतरला. सासरे स्वतः खाली आले आणि गादी खांद्यावर टाकून जिना चढले. साठी उलटलेला माणूस, पण दुसरा कुणी टॉवेल नेईल तशी गादी नेली. त्यांचा मांस कापायचा कारखाना आहे. खाली कापणीचा हॉल, मागे शीतगृह, आणि वरच्या दोन खोल्या आजपासून आमच्या. खिडक्या मोठ्या, उजेड भरपूर, नळाला दिवसभर पाणी. वास येतो, नाही कसं म्हणू? पण ही म्हणाली, चार दिवसांत नाकाला सवय होईल, आणि नाही झाली तर नाकच काढून ठेवू, खाली सोय आहे. माहेरी पाऊल टाकल्या टाकल्या हिची जीभ सुटली. मला फार बरं वाटलं. गेलं वर्ष आम्ही दोघांनी गप्प गप्प काढलं होतं.

मी कापड बेतायचो तो कपड्यांचा कारखाना बंद पडला, तेव्हा सासऱ्यांनीच बोलावणं धाडलं. म्हणाले, ज्याला कापडाचा उभा-आडवा धागा कळतो त्याला मांसाचाही कळेल, कापणं ते कापणंच. मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. त्याला सगळे पैलवान म्हणतात, कारण तो सकाळ-संध्याकाळ व्यायामशाळेत असतो आणि मधल्या वेळात आरशासमोर. त्याने मला मिठी मारली तेव्हा माझी एक बरगडी वाजली.

रोजनिशी पुन्हा सुरू केलीय. नव्या जागी सगळंच नव्याने सुरू व्हावं. घरात पाळणा हलावा ही हिची इच्छा काही लपलेली नाही. कमी पडतोय तो मीच. थकवा असेल. इथे होईल सगळं ठीक.

११ जानेवारी

हात बसतोय. डाव्या हातात लोखंडी जाळीचा मोजा, उजव्यात अरुंद सुरी, आणि समोर छताच्या रुळावरून आकड्याला लटकत आलेलं धड. सुरी दाबायची नसते, हाडाच्या कडेने फिरू द्यायची असते. मालक (खाली सासऱ्यांना मीही मालकच म्हणतो) काल मागे हात बांधून बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, शिंपी बरा निघाला. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळच.

इथला एक नियम मला फार आवडला. हॉलमध्ये हाडं कापायच्या करवतींनी कानठळ्या बसतात आणि प्रत्येकाच्या हातात काहीतरी धारदार असतं. त्यामुळे सुरी धरलेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही की हात लावायचा नाही. तो दचकला तर त्याचं बोट जाईल, नाहीतर तुमचं पोट. काम असेल तर त्याच्या कडेला, हातभर अंतरावर येऊन गप्प उभं राहायचं. डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला दिसतंच. तो सुरीचं टोक खाली करतो, मग बोलायचं. मालक सांगतात, या हॉलमध्ये हाकेने माणसं जायबंदी झालीत, कडेला उभं राहून कुणाला खरचटलंही नाही.

गंमत म्हणजे घरातही तेच. ही या हॉलमध्येच लहानाची मोठी झाली. मी दाढी करत असलो तरी कडेला येऊन उभी राहते, वस्तरा खाली ठेवेपर्यंत हूं की चूं नाही. एरवी मात्र तोंडाचा पट्टा चालू.

२३ जानेवारी

डोकं दुखतं. कपाळाच्या मागे, अगदी खोल, कुणीतरी आतून अंगठा लावून दाबत असल्यासारखं. ही म्हणते थंडीचं आहे, शीतगृहात टोपी घाला.

दाढी मात्र आता आठवड्यातून एकदा केली तरी चालते. पैलवानाने सगळ्यांसमोर हनुवटी धरली आणि विचारलं, दाजी, तुमचे गाल बहिणीपेक्षा गुळगुळीत कसे? सगळे हसले, मीही हसलो. वर येऊन आरशात पाहिलं तर खरंच गुळगुळीत होते, आणि छातीला थोडी सूज होती. बनियन घासला गेला की दुखतं.

काल रात्री हिने दिवा मालवून हात हातात घेतला. मी झोपेचं सोंग घेतलं. तिला कळलं असणार.

५ फेब्रुवारी

आज वाचलो. रुळावरून एक अख्खं धड डावीकडून आलं आणि खांद्यावर असं आदळलं की मी टेबलावरून पलीकडे पडलो. सुरी जाळीच्या मोज्यावरून घसरून मनगटात गेली, तीन टाके पडले. मालक चिडले. म्हणाले, एवढं मोठं धूड येतंय, सगळा हॉल ओरडतोय, डोळे काय खिशात ठेवले होते का? खरं सांगायचं तर मला ते दिसलंच नाही. येताना दिसलं नाही, एकदम होतं.

आणखी एक. धड आदळायच्या जरा आधी डाव्या कडेला कुणीतरी येऊन उभं होतं. नियमाप्रमाणे, गप्प, हात खाली सोडून. मी सुरीचं टोक खाली केलं आणि वळलो, तर कुणी नाही. मग धड आलं.

१२ फेब्रुवारी

तो पुन्हा उभा होता. आज उजवीकडे. चेहरा दिसत नाही, फक्त उभं असणं जाणवतं. वळलं की जातो. मी मनातल्या मनात त्याला कडेचा म्हणतो. कुणाला सांगायची सोय नाही, शिंप्याचं डोकं फिरलं म्हणतील.

बनियनवर दोन डाग दिसले. न्हाणीघराचं दार लावून छाती दाबली. पांढरा थेंब आला. पुन्हा दाबली, पुन्हा आला. बोटावर घेऊन जिभेला लावला. दूध.

मी पुरुष आहे. हे लिहायची लाज वाटते, पण लिहितो. मी पुरुष आहे आणि माझ्या छातीतून दूध येतंय. बनियन खाली नेऊन रक्ताच्या फडक्यांत टाकून दिला. हिला बनियन हरवला म्हणून सांगितलं.

२० फेब्रुवारी

रस्त्यात एका माणसाला मारलं. दाराच्या चौकटीला धडकलो तर चौकटीची माफी मागणारा माणूस मी. पण तो उजवीकडून एकदम अंगावर उगवला. मला वाटलं कडेचाच. मूठ आपोआप गेली. तो खाली बसला, तोंडातून दात आणि लाळ गळत होती, आणि बिचारा मला विचारत होता की मी तुझं काय केलं रे बाबा. माणसं जमायच्या आत मी निघालो. घरी येईपर्यंत मुठीला त्याचं रक्त होतं आणि मला रडू येत होतं.

हिने हात धुऊन दिला. एवढंच म्हणाली की उद्या डॉक्टरकडे जायचं, नाहीतर मी बाबांना सांगेन.

२८ फेब्रुवारी

रक्त तपासून झालं, डोक्याचे फोटो झाले. आज डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. हिला मी बाहेर बसवलं. बाईंनी समोर बसून सांगितलं, माझ्या नाकाकडे बघा आणि माझी बोटं दिसली की सांगा. मी नाकाकडे बघत राहिलो. बोटं काही येईनात. मग एकदम गालाजवळ हात! मी तो धरून पिरगाळला. बाई ओरडल्या, खुर्ची पडली, नर्स धावत आली. मी हात सोडला तेव्हा मनगट लाल झालं होतं. बाईंनी नर्सला जायला सांगितलं, मनगट चोळत पुन्हा बसल्या आणि जणू काही झालंच नाही अशा सगळं समजावून सांगू लागल्या.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, पिट्युटरी. शरीरातल्या बाकीच्या ग्रंथींची मुकादम. माझ्या त्या ग्रंथीत गाठ आलीय. कॅन्सरची नाही, पण अक्रोडाएवढी झालीय. बाळंतिणीला दूध आणणारं जे हार्मोन, ते ही गाठ बदाबदा सोडतेय, आणि त्यापायी पुरुषी हार्मोन आटलंय. दाढी, थकवा, दूध, आणि रात्री दिवा मालवल्यावरचं ते, सगळे तिचेच प्रताप. वरून डोळ्यांच्या नसा जातात, त्यांना ती खालून रेटतेय, म्हणून दोन्ही कडांची नजर गेलीय. मला फक्त समोरचं दिसतं.

मी धीर करून कडेच्या माणसाबद्दल विचारलं. म्हणाल्या, जिथे दिसत नाही तिथे मेंदू काहीतरी भरून टाकतो. कुणाला फुलं दिसतात, कुणाला माणसं. भूत नाही आणि वेडही नाही. गोळ्यांनी गाठ आकसेल, नजर बहुतेक परत येईल, मूलही होईल. पुरुष असले आजार लपवतात आणि उशिरा येतात, तुम्ही तरी आलात. मात्र तोवर सुरी नाही, गाडी नाही, आणि घरच्यांना सगळं सांगायचं.

मी हो म्हणालो. बाहेर येऊन हिला सांगितलं, चष्म्याचा नंबर आहे.

१ मार्च

औषधांच्या दुकानात गेलो. चिठ्ठी बघून दुकानदाराने मोठ्याने विचारलं, बाळ केवढं आहे? आईचं दूध बंद करायचंय ना? आसपास चार बायका होत्या. मी म्हणालो, सहा महिन्यांचं. तो म्हणाला, मुलगा का मुलगी? मी म्हणालो, मुलगा.

अर्धी गोळी घेतली. दिवसभर ओकलो, उठलो की गरगरत होतं. गोळ्यांची पट्टी कचऱ्यात टाकली. सुरी सोडून खाली काय करू, फरशी पुसू? मालकांचा जावई फरशी पुसतोय आणि छातीतून दूध गाळतोय! त्यापेक्षा मेलेलं बरं.

४ मार्च

पैलवानाला फक्त दाढीचं आणि ताकदीचं बोललो. त्याला त्याच्या मते सगळंच कळलं. डोळा मारून म्हणाला, दाजी, एवढंच ना, आधी बोलायचं की! व्यायामशाळेत एक जण पुरुषी हार्मोनचं इंजेक्शन देतो. कमरेत मोठी सुई, तेलासारखं औषध. वर आणखी तीन बाटल्या घेतल्या. पैलवानाने पाठीवर थाप मारली आणि ताईला आता झोप मिळणार नाही म्हणाला.

११ मार्च

फरक पडला! दाढी राठ लागते. धड एका हाताने फिरवतो. काल हिच्याजवळ गेलो आणि वर्षभरानंतर सगळं झालं. पण मी फार जोरात होतो. तिने दोनदा थांबा म्हटलं, ते मला नंतर आठवलं. सकाळी तिच्या दंडावर माझी बोटं उमटलेली होती. ती बाह्या खाली ओढून कामाला लागली.

डोकं मात्र आता दुखत नाही, फुटतं.

कडेचा जवळ येतोय. आधी हातभर लांब असायचा.

१५ मार्च

दुसरं इंजेक्शन घेतलं. ते दोन आहेत. एक इकडे, एक तिकडे.

मधली फट कमी होतेय. समोर एक अरुंद खिडकी, बाकी सगळं त्यांचं.

जिन्यात शेजारणीचा कुत्रा पायात आला. त्याला मी लाथ मारली. मग पुन्हा. तो ओरडायचा थांबला तरी मारत होतो. शेजारीण वरून बघत होती. मी तिला म्हणालो की पायात आला. बुटाला जे लागलं होतं ते पायरीवर पुसलं.

मला वाईट वाटायला हवं होतं. राग आला, तोही कुत्र्याचाच.

१८ मार्च

पैलवानाला कापलं.

हॉलमध्ये. माझी सुरी चालू होती. डावीकडे कडेचा आला. मी टोक खाली केलं, नियमाप्रमाणे. गेला नाही. रोज जातो. आज श्वास घेत होता. मी सुरी फिरवली. कोपरापासून मनगटापर्यंत हात उघडला. आत पांढऱ्या दोऱ्या. मी हजार धडांत पाहिल्यात तशाच.

मग तो माझ्या खिडकीत आला. पैलवान. तोंड उघडं, मला दाजी म्हणत होता.

दुसरा वार मी बघून केला. हे कुणाला माहीत नाही. मला दिसत होता, मला कळत होतं, आणि हात थांबत नव्हता. पोटात. हात थांबवायची इच्छाच नव्हती.

मालकांनी मला मागून कव घालून पाडलं. रक्त मोरीकडे वाहत होतं. सगळे म्हणाले अपघात. करवतीचा आवाज होता, शिंपी दचकला, नवीन माणूस आहे. मालक मात्र माझ्याकडे बघत राहिले.

१९ मार्च

जगेल म्हणतात. हात जाईल. पोटाचं अजून सांगता येत नाही.

मालक इस्पितळातच. खाली टाळं.

ही आली, भावाच्या रक्ताने साडी भरलेली, आणि मला जेवलात का विचारलं. मला! मी तिचे पाय धरले.

२० मार्च

हिला सांगितलं. दूध, गाठ, गोळ्या कचऱ्यात टाकल्या ते, इंजेक्शन. वाटलं हसेल. ती हसली नाही. बनियन वर करून बघितलं, पदराने पुसलं आणि रडली. म्हणाली, एवढ्याशा गोष्टीसाठी माझ्या भावाचा हात गेला? मग लगेच म्हणाली, चुकलं माझं, एवढीशी नाही. बाकीच्या बाटल्या तिने मोरीत ओतल्या. म्हणाली, उद्या गोळ्या आणते, माझ्यासमोर घ्यायच्या, ओकलात तर मी धुईन.

तिच्यासारखं माणूस नाही. तिला काही होता कामा नये. एवढंच मागणं आहे, मी बरा नाही झालो तरी चालेल.

डोळ्यांचं नाही सांगितलं. डोळ्यांचं सांगितलं तर तिला कळेल की पहिला वार न दिसता झाला, मग दुसरा? ती विचारेल. ती मालकांची मुलगी आहे, वार किती आणि कसे ते तिला कळतं.

आल्यावर सांगेन. गोळी घेतली की सांगेन.

२१ मार्च, सकाळ

ही गोळ्या आणायला गेली. दार ओढून घेतलं.

मी कोपऱ्यात टेबल ओढलंय. मागे भिंत. मागून येता येणार नाही. कडा मोकळ्या आहेत. कडांना काय लावू? कपाट हलत नाही.

खालची सुरी वर आणलीय. डाव्या हातात. उजव्यात पेन. लिहिलं की ते जरा लांब राहतात.

औषधाचं दुकान जवळ आहे. येईलच.

दोघेही आहेत.

नंतर

डावीकडचा हलला.

खोलीत आला आणि कडेला येऊन उभा राहिला. गप्प. हातभर लांब. मी टोक खाली केलं नाही. या वेळी नाही करणार. पान बघत राहिलो. तो श्वास घेत होता. वाट बघत होता. मी सुरी—

लागली. खोल गेली. दोनदा. तिसऱ्यांदा हाडाला अडली, काढता येईना. काहीतरी फुटलं, काचेचं. मग पडला. पडण्याचा आवाज आला! आधी कधी आवाज आला नव्हता. म्हणजे मेला.

मी मारला त्याला. ही आली की दाखवतो. मी हाक मारली, अगं ये, बघ. पुन्हा मारली.

इस्पितळात गेली असेल भावाकडे. दुकानात गर्दी असेल.

टेबलाखालून पाणी येतंय. माझ्या खिडकीत आलं. फुटलेल्या पेल्याचा तुकडा. पाण्यात लाल दोरा, आता जाड. पाण्यावर एक पट्टी, चंदेरी, गोळ्यांची, सगळ्या भरलेल्या—

हातात गरम. पेन घसरतं.

कुणीतरी पाय धरलाय माझा. बोटं लहान. सैल झाली.

मान वळवली की दिसेल. वळवत नाही. मी वळवणार नाही. वळवली नाही तोवर ही दुकानात आहे, रांगेत उभी आहे, येईल, आणि मी तिला डोळ्यांचं सांगेन, सगळं सांगेन, दुसऱ्या वाराचंही, ती रागावेल, मग म्हणेल चुकलं माझं, आणि मी

अगं बोल ना काहीतरी आता सुरी नाहीये माझ्या हातात आता बोललीस तरी चाल—